वहीत नसलेलं नाव

आमच्या घरात संशय हा धंद्याचाच भाग होता. फुलांचा धंदा. पोत्यात वरची फुलं आजची आणि तळाची कालची असतात, हे फुलवाल्याच्या घरी शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बाबा दुसऱ्याच्या शेतातली टोपली घेताना वरच्या फुलांकडे बघतसुद्धा नसत. सरळ कोपरापर्यंत हात आत घालायचे आणि तळातली मूठ बाहेर काढायचे. "वरचं त कोनीबी चांगलंच दाखोते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मोगरा ओला असला की पाणी मारून जड केला असणार, कोरडा असला की शिळा असणार. पाहुणा लवकर आला तर काहीतरी मागायला आला, उशिरा आला तर दुसरीकडे जेवून आला. मी अशा घरात वाढले आणि त्या वयात मला ते शहाणपणच वाटायचं. आता पन्नाशी ओलांडल्यावर वाटतं, तळाची मूठ बाहेर काढणारा हात आम्ही स्वतःच्या टोपलीत कधी घातला नाही.

अमरावतीत आमचं घर, शेत भातकुलीच्या अंगाला. पहाटे शेतातून पोती यायची. ओलं पोतं ओसरीवर पडल्याचा धप्प आवाज झाला की दिवस सुरू. आई एका पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून हार ओवायची आणि तसंच बसल्या बसल्या चुलीकडे बघून ओरडायची, "कुंदे, भाकर पाह्य, करपून राहिली!" कुंदा म्हणजे मी. ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा, रविवारी पातोडीचा रस्सा. घरभर शेवंतीचा आणि फोडणीचा असा मिसळलेला वास, की बाहेरचा माणूस आत येताच शिंकायचा. त्याच ओसरीला लागून पुढची खोली होती, आणि तिथं मोहनदादाच्या लग्नानंतर कॉम्प्युटर आला.

वनितावहिनी अकोल्याची. लग्न ठरतानाच तिनं एक अट घातली होती, तीही स्वतःच्या तोंडानं, बापाला बोलू न देता. ती डीटीपी शिकलेली होती. हार ओवायला ना नाही, पण पुढच्या खोलीत पत्रिका छापायचं काम करेन, असं ती म्हणाली. दादा भाळलेलाच होता. बाबांनी मान डोलावली. आईनं डोलावली नाही, पण तेव्हा तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. कॉम्प्युटर वहिनीच्या मोठ्या भावानं, सुधाकरनं, आपल्या अकोल्याच्या दुकानात जोडून दिला. सोबत एक सीडी. तिच्यावर मार्करनं लिहिलेलं, 'सगळे ड्रायव्हर'. जाताना तो बजावून गेला होता, की स्क्रीन, आवाज, प्रिंटर, या सगळ्यांशी मशीन कोणत्या भाषेत बोलतं ते या सीडीत आहे, हिला जपा.

जपायचं काम मी माझ्याकडे घेतलं. मी नुकताच दोन महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला होता आणि गल्लीत त्या विषयातली मी एकटी जाणकार, असा माझा समज होता. वहिनी आली आणि तो समज लंगडा झाला. ती की-बोर्डकडे न बघता मराठी टाइप करायची. मी सीडी लोखंडी कपाटात ठेवली आणि किल्ली कमरेला. अकोल्याच्या माणसाचा काय भरोसा, असं मी आईला म्हटलं. आईला हे फार आवडलं.

दसरा म्हणजे आमच्याकडे कंबर मोडायचे दिवस. झेंडूचे ढीग छताला टेकायचे. पण खंडेनवमीला कितीही घाई असो, हत्यारं साफ व्हायचीच: कात्र्या, सुया, तराजू, फवारणीचा पंप, विळे. त्या वर्षी कॉम्प्युटरही हत्यारांत धरला. वहिनीची अडचण होती. आईनं तिला ओसरीच्या टोकाला चटई टाकून दिली होती, "चार दिवस हत्याराले आन देवाले हात लावू नको," म्हणून. तेव्हा तेच चालायचं. मग साफसफाई माझ्याकडे. मी कॅबिनेटची पाठ उघडली आणि बाबांचा दाढीचा ब्रश घेतला. आतली दोन कार्डं, एक आवाजाचं आणि एक पडद्याचं, उपसून काढली, एकेक फुंकून, पुसून पुन्हा बसवली. चटईवरून वहिनी म्हणाली, "कुंदाताई, जिथलं कार्ड तिथंच लावजा बरं." मी ऐकलं नाही असं दाखवलं. आता ही मला शिकवणार! दुसऱ्या दिवशी पूजा मांडली. कात्रीला कुंकू, तराजूला कुंकू, पंपाला कुंकू. सीडी कव्हरातून काढली. लिहिलेल्या बाजूला अक्षरं होती, त्यावर हळदकुंकू कसं लावायचं? दुसरी बाजू आरशासारखी चकचकीत. तेच तिचं तोंड असणार. मी ओलं कुंकू कालवून चांगलं पाच बोटांनी लावलं, अक्षता चिकटवल्या, झेंडू ठेवला. संध्याकाळी पुसून कव्हरात, कव्हर कपाटात, किल्ली कमरेला.

त्यानंतर मशीन बिघडलं. चालू केलं की सांगायचं, नवीन हार्डवेअर सापडलंय, सीडी घाला. नवीन कसलं? घरात तर काही नवीन आलं नव्हतं! मी कपाट उघडायची, सीडी स्वतःच्या हातानं खाचेत घालायची, वहिनीला तिला बोट लावू द्यायची नाही. मशीन घरघरायचं, अडायचं, फाईल सापडत नाही म्हणायचं. मी 'स्किप' दाबायची. कोर्समध्ये सरांनी शिकवलं होतं, अडलं की पुढे जा. पुढे जाता जाता आधी आवाज गेला. मग स्क्रीनवरचे रंग गेले, चित्रं ही मोठ्ठाली झाली, आणि पत्रिकेचं पान एका वेळी पावसुद्धा दिसेना. वहिनी दिवसभर त्या पावभर पानाशी झगडत बसायची. तिनं एकदा दादाला सांगितलं, की नवमीला कुंदाताईंनी कार्डं काढली होती, तेव्हापासून असं होतंय. आईनं ते ऐकलं. "घरातल्या लेकीवर नाव टाकते काय व?" एवढंच म्हणाली. मीही म्हणाले, "मी त फक्त धूळ पुसली." ते खोटं नव्हतं. 'फक्त' तेवढं खोटं होतं. वहिनीनं तो विषय पुन्हा काढला नाही.

मग मी वही सुरू केली. हारांच्या ऑर्डरी लिहायच्या वहीची मागची पानं. उभ्या रेघा मारल्या: वार, कोण बसलं, काय बिघडलं. सोमवार, वहिनी, आवाज नाही. बुधवार, वहिनी, रंग गेले. शनिवार, वहिनी, तीनदा बंद पडलं. मशीनवर दिवसभर तीच बसायची, तर दुसरं नाव येणार कुठून? पण तेव्हा मला ते पान म्हणजे पंचनामाच वाटत होता. घरात जो तो आपापला संशय कुरवाळत होता. बाबांचं म्हणणं, सुधाकरनं आत जुना माल घालून दिला, वरून तेवढं चकचकीत. आईचं म्हणणं, हिला हार ओवायचे नाहीत म्हणून हीच मुद्दाम काहीतरी करते, म्हणजे दिवसभर त्या खोलीत बसता येतं. दादाला बायकोवर संशय नव्हता, पण आई खोटं बोलते असंही त्याला म्हणवेना, म्हणून तो भातकुलीला जास्त जास्त राहू लागला. चहाचे कप ठेवल्याचे आवाजसुद्धा त्या दिवसांत मोठे वाटायचे.

फुटलं ते पोस्टमनकाकांच्या पत्रिकेवरून. समोरच्या गल्लीतले काका, त्यांच्या मुलीचं तुळशीच्या लग्नानंतर लग्न. वहिनीचं पहिलं काम. नमुना दाखवायच्या आदल्या दिवशी मी, शहाणीनं, प्रिंटरही 'साफ' केला होता: त्याचा ड्रायव्हर काढला आणि सीडीवरून पुन्हा घातला. दोनदा 'स्किप' दाबावं लागलं होतं. काका नमुना बघायला आले, खुर्चीवर बसले, आईनं पोहे दिले. प्रिंटर कुरकुरला आणि कागद बाहेर आला. त्यावर जिथं गणपतीचं नाव यायला हवं तिथं एक ओळ: चौकोन, उलटं प्रश्नचिन्ह, दोन काठ्या, एक हसरं तोंड. बाकी कागद कोरा. मग दुसरा कागद आला. तोही तसाच. मग तिसरा. प्रिंटर थांबेना. काकांच्या हातातला चमचा तसाच राहिला. "गनपतीच्या नावाच्या जागी हे काय?" ते हळू आवाजात म्हणाले, आणि पोहे अर्धे टाकून गेले.

आईनं तो कागद देवापुढे पालथा घातला. "करनी हाय हे," ती म्हणाली. आणि मी कपाटातून वही काढून बाबांच्या हातात दिली.

कुणी मागितली नव्हती. मी आपणहून दिली. हे मला अजून लिहिताना जड जातं.

बाबांनी चष्मा लावून सगळं पान वाचलं. वार, वहिनी. वार, वहिनी. मग ते वहिनीला म्हणाले, "मशीन अकोल्याले घेऊन जा. भावाकडून दुरुस्त करून घे. आन दोष कोनाचा थे कळेस्तोवर तिकडेच राह्य." आवाज चढवला नाही. पण लग्नाला वर्ष न झालेल्या सुनेला मशीनसोबत माहेरी धाडायचं, याचा अर्थ गल्लीतल्या कुत्र्यालाही कळला असता. वहिनीनं वही मागितली. पान वाचलं. "मामाजी, याच्यात लिहिनारीचं नाव नाई," ती बाबांना म्हणाली, आणि बॅग भरायला आत गेली.

सोबत मला पाठवलं. दुरुस्तीच्या नावाखाली तिकडे आतला माल बदलला तर? म्हणून मी प्रत्येक भागावरचे आकडे वहीत उतरवून घेतले. कॅबिनेटला हाराचा दोरा गुंडाळला, गाठीवर कागदाची पट्टी चिकटवली आणि पट्टीवर बाबांची सही घेतली, मतपेटीला करतात तशी. चादरीत बांधलेलं ते धूड मांडीवर घेऊन मी एसटीत खिडकीशी बसले. वहिनी शेजारी. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा तिनं खाली उतरून दोन पुड्या भजी आणली, एक माझ्या हातात दिली. मी म्हटलं, भूक नाही. तिनं पुडी परत घेतली आणि स्वतःची पण खाल्ली नाही.

सुधाकरचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. भिंतीला टेकवलेले उघडे कॅबिनेट, तारा, सोल्डरचा वास. चादर सोडली, सहीची पट्टी पाहिली, आणि तो माणूस हसला नाही की चिडला नाही. "ताई, पट्टी तुमीच काढा," म्हणाला. "आन खुर्चीवर बी तुमीच बसा. मी सांगतो, हात तुमचे." मला वाटलं, यातही काही डाव असेल. मग त्याच्या सांगण्यावरून मी मशीन सेफ मोडमध्ये सुरू केलं. तो म्हणाला, यात मशीन फक्त स्वतःपुरतं जागं होतं, बाकी कुणाचं ऐकत नाही, म्हणून खोटं बोलत नाही. डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे मशीनला जोडलेल्या सगळ्या भागांची यादी, उघडली. यादीत एकेक कार्ड दोन-दोनदा दिसत होतं, आणि त्यांच्यावर पिवळी उद्गारचिन्हं.

"दोनी कार्डाच्या जागा बदलल्या हाय," सुधाकर म्हणाला. "याच्या जागी थे, त्याच्या जागी हे. म्हनून मशीनले वाटते, नवीन आले. कोनी काढले होते?"

मी पडद्याकडे बघत राहिले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय असतं, ते मला तिथं कळलं. मान वळवायची हिंमत होईना.

"मी काढले होते," मागून वहिनी म्हणाली.

"तुले त माहीत हाय व सगळं! मंग जागा कायले बदलवल्या?" तो तिच्यावर चिडला. मग माझ्याकडे हात केला, "बरं, सीडी द्या." मी कव्हर दिलं. त्यानं सीडी काढली, उजेडात धरली आणि तशीच धरून ठेवली. चकचकीत बाजूवर पाच बोटांचा वाळलेला लाल फराटा, मध्ये हळद, आणि एका कडेला अक्षतेचा तुकडा. पुसलं होतं मी, पण कुंकू असं पुसलं जातं थोडंच! पुसताना चरे तेवढे पडले होते. "हिचं वाचायचं तोंड हे," तो म्हणाला. "याच्यावरच लेप देल्ला. अर्ध्या फाईली येनार, अर्ध्या नाई. कोनी लावलं हे?"

"तेबी मीच," वहिनी म्हणाली.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. परक्या घरात, परक्या माणसासमोर, कमरेला किल्ली खोचून आलेली मी, आणि माझं नाव त्या लाल बोटांवर. मग सुधाकरनं नवी सीडी बनवली, कार्डं माझ्याच हातानं जागेवर लावून घेतली, दुबार नावं यादीतून काढायला लावली, आणि मग एकेक ड्रायव्हर घातला. एक घातला की मशीन बंद, पुन्हा चालू, मग दुसरा. रंग आले. मग सुरू होतानाची ती धून वाजली, आणि मला रडू आलं. ते त्याला आनंदाचं वाटलं असावं. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ताई," तो म्हणाला. "आन लिहून ठेवायचं. तुमी वही ठेवता, हे चांगलं हाय. फक्त आपन काय केलं, थे पहिले लिहायचं." त्याला बिचाऱ्याला ती वही कशाची आहे ते माहीत नव्हतं. निघताना त्यानं मला बाजूला घेऊन हात जोडले. "वनितीची चूक घरी सांगू नका. लेकराची चूक हाय. माह्या दुकानातच राहू द्या." माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा माणूस माझ्यापुढे हात जोडून उभा होता. मी मान हलवली. काय हलवली, देव जाणे.

बाबांचा हुकूम वहिनीनं तिकडेच राहावं असा होता. मी म्हटलं, "वहिनी, चला." ती निमूट आली. बोरगाव मागे पडलं. शेवटी मीच विचारलं, "काहून घेतलं माझं अंगावर?" ती खिडकीबाहेरच्या कपाशीकडे बघत म्हणाली, "तुमी आमच्या घरी पाहुन्या होता. पाहुन्याले खाली पाहायले लावत नाई आमी. थे माह्यं घर होतं, म्हनून मी पाहून घेतलं. तिकडचं घर तुमचं हाय. तिथलं तुमचं तुमी पाहा." मग मूर्तिजापूर आलं. मी उतरले आणि भजी आणली. तिनं पुडी घेतली.

घरी पोचलो तेव्हा सगळे ओसरीवर होते, दादासुद्धा. आईनं मला आत येऊ दिलं. वहिनी बॅग घेऊन पायरीखालीच थांबली. तिला कुणी ये म्हटलं नव्हतं. "कोनाचा दोष निघाला?" आईनं विचारलं.

"माझा," मी म्हणाले. कार्डांचं सांगितलं, कुंकवाचं सांगितलं, 'स्किप'चं सांगितलं. एका दमात.

मला वाटलं होतं, आता बोलणी बसतील. ती बसली असती तर बरं झालं असतं. आईनं माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि म्हणाली, "तिकडे काय चारलं तुले?" बाबा म्हणाले, "पढवून आनलं दिसते." माझ्या कबुलीच्या टोपलीतही त्यांनी कोपरापर्यंत हात घातला होता! आणि ही सवय मीच वही लिहून लिहून वाढवलेली. आई मी दाखवलेली जुनी सीडी हातात घेऊन उलटसुलट बघत होती. "हे कुंकू तिनंच लावलं असन. तू आपल्या अंगावर घेऊन राहिली."

तेव्हा मला ते सुचलं. तिथवर माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

"आई," मी म्हणाले, "दसऱ्याले वहिनीले चटईवर कोनी बसवलं होतं? देवाले, हत्याराले हात लावू नको, हे कोनी म्हटलं होतं?"

आईचा हात थांबला. तिनंच बसवलं होतं. पाणीसुद्धा वरून ओतून दिलं होतं. घरातलं दुसरं कुणी चुकलं असतं, पण त्या चार दिवसांच्या बाबतीत आई चुकणं शक्य नव्हतं, आणि हे आईइतकं कुणालाच माहीत नव्हतं. ती बराच वेळ ती पाच लाल बोटं बघत राहिली. मग माझ्या हाताकडे पाहिलं. दादा उठला, पायरी उतरला आणि वहिनीच्या हातातली बॅग घेतली. बाबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मी वही उघडली, सगळ्यात वर, पहिल्या सोमवारच्याही वर, जागा नव्हती तिथं बारीक अक्षरात लिहिलं: खंडेनवमी, कुंदा, कार्डं बदलली. दसरा, कुंदा, कुंकू. आणि वही पुन्हा बाबांच्या मांडीवर ठेवली.

नव्या सीडीवरून प्रिंटरचा ड्रायव्हर घातला, आणि पोस्टमनकाकांची पत्रिका त्याच आठवड्यात छापली. पहिली प्रत वहिनीनं आईच्या हातात दिली. आईनं गणपतीचं नाव बोटानं चाचपून पाहिलं आणि पत्रिका देवापुढे ठेवली, या वेळी उताणी. पण माफी अशी तिनं मागितली नाही. आमच्या घरात तो शब्दच नव्हता. आज भाच्याचा लॅपटॉप स्वतःचे ड्रायव्हर स्वतःच शोधून घेतो, सीडी कशाला म्हणतात ते त्याला दाखवावं लागतं. तरी काही अडलं की तो आत्याला हाक मारतो, आणि मी पहिला प्रश्न विचारते, "तू काय केलं होतंस?" त्याला वाटतं, आत्या संशयी आहे. असेनही.

पुढच्या दसऱ्याला पुन्हा झेंडूचे ढीग होते. योगायोगानं वहिनी तेव्हाही चटईवरच होती. पूजेचं ताट मी उचललं, तर आईनं ते माझ्या हातून काढून घेतलं. कात्रीला लावलं, तराजूला लावलं, पंपाला लावलं. मग पुढच्या खोलीत जाऊन कॉम्प्युटरसमोर उभी राहिली. बोटावर ओलं कुंकू, हात तसाच हवेत. एवढ्या वर्षांत आईला मी कुणाला सल्ला विचारताना पाहिलं नव्हतं. तिनं ओसरीच्या टोकाकडे मान वळवली.

"वनिते," ती म्हणाली, "कुठी लावू व?"